सिद्ध न झालेलं पाणी

अमरावतीच्या त्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा ती रसायनशास्त्र विभागात आधीपासून होती. तिची प्रयोगशाळा आणि माझा वर्ग एकाच व्हरांड्यात. ओळख नसताना एके दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगातले आकडे तिला खटकत होते. सगळ्यांचे इतके सारखे कसे, असं तिचं म्हणणं. आम्ही बसून पाहिलं. अख्ख्या बॅचनं एकाच पोरीचं उतरवलं होतं. तिनं सगळ्यांना प्रयोग पुन्हा करायला लावला, त्या पोरीलाही. ती पोरगी बिचारी रडायला लागली. हिनं तिला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं, डोळे पुसले, आणि मग ब्युरेटच्या नळीसमोर उभं केलं.

ती अशीच होती. माया करायची, पण आकड्यात सूट द्यायची नाही. आमची मैत्री त्या दिवसापासूनची.

ती तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका गावची. आमच्या अकोला-अमरावतीच्या मधून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जमिनीचा एक पट्टा जातो, तिथं कितीही खोल गेलं तरी पाणी खारंच लागतं. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. नळाचं पाणी येतं तेव्हा येतं, नाही तेव्हा विहीर आणि बोअर. मी अमरावतीत वाढलेली, मला हे सगळं ऐकून नवल वाटायचं. ती म्हणायची, "आमच्याकडं पाहुण्याला विचारतात, चहा काळा चालते ना?"

तिचे अब्बा लवकर गेले, अम्मी त्यांच्यामागून. तिला वाढवलं मोठ्या भावानं. तो गावातला शिलाईवाला. शाळेचे गणवेश, लग्नाचे झंपर, हिंदू-मुसलमान साऱ्या घरांचे कपडे त्याच्या मशीनवर शिवले जायचे. बहीण हुशार आहे म्हणून त्यानं तिला अकोल्याला वसतिगृहात ठेवलं, मग अमरावतीला एमएस्सी करवलं. नातेवाईक म्हणायचे, पोरीला इतकं शिकवून काय करतो. तो ऐकून घ्यायचा आणि मशीन चालवत राहायचा. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यानं माझ्या ब्लाउजच्या बाहीकडं पाहून विचारलं होतं, "मॅडम, हे कोणं शिवलं? खांद्यात चुकलं हाये." आणि मी नको नको म्हणत असताना, जेवण होईस्तोवर ते नीट करून दिलं.

त्या पट्ट्यातल्या गावांत किडनीच्या आजाराची कुजबुज बरीच जुनी. अमक्याच्या घरात दोघं गेले, तमक्याला अकोल्याला डायलिसिसवर ठेवलं. कुणी पाण्याला दोष द्यायचं, कुणी फवारणीच्या औषधाला, कुणी अंगदुखीच्या गोळ्यांना, कुणी नशिबाला. मग तिच्या भावाच्याही पायावर सूज यायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की किडन्या अर्ध्याअधिक कामातून गेल्या आहेत, जपावं लागेल. तेव्हा तो चाळिशीतच होता.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी पाणी आणि किडनी यांचा संबंध तपासणारा एक छोटा अभ्यास हाती घेतला. गावं निवडायची, घरोघरी जाऊन माणसं तपासायची, विहिरींचं पाणी तपासायचं, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहायचं. पाण्याची बाजू तिच्याकडं, हिशेबाची माझ्याकडं.

पहिल्याच बैठकीत तिनं स्वतः हात वर केला आणि सांगितलं की माझं गाव या यादीत आहे, माझा भाऊ आजारी आहे, तेव्हा मला गावात पाठवू नका. मी कुणाला प्रश्न विचारणार नाही, कुणाचं रक्त बघणार नाही. बाटल्या माझ्याकडं फक्त नंबर घालून पाठवा. कोणती बाटली कोणत्या गावची, ते मला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

सर खूश झाले. ते मला नंतर म्हणाले की वस्तुनिष्ठता पुस्तकातून शिकवता येत नाही, ती अशी माणसात असावी लागते. मलाही तिचा अभिमान वाटला. तो अजूनही वाटतो, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे.

बाटल्या यायला लागल्या. दुपारी माझा तास संपला की मी तिच्याकडं जाऊन बसायची. ती तपासायची, मी लिहून घ्यायची. एकदा तिनं एक बाटली उघडली, थोडं पाणी काचेच्या बशीत ओतून आटवायला ठेवलं, आणि बशीत राहिलेल्या पांढऱ्या पापुद्र्याकडं बघत बसली. वासही घेतला. मग हळूच म्हणाली, "हे आमचंच आहे."

मी म्हटलं, कशावरून?

"लहानपणी मडक्याचं बूड मीच खरवडायची. मला कळणार नाही का?"

मग तिनं झाकण लावलं, ती बाटली बाजूला ठेवली आणि दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याला बोलावून ती त्याच्याकडून तपासून घेतली. कारण काही सांगितलं नाही. थेंब थेंब रसायन सोडताना स्वतःचा हात रंग बदलायच्या आधीच किंवा नंतर थांबेल, अशी तिला भीती वाटली असावी. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्या भावासाठी मी खोटं माप घेतलं, तर ते त्याच्या काही कामाचं नाही."

सगळे आकडे जमले आणि हिशेब माझ्याकडं आला. पाणी वाईट होतं, यात शंका नव्हती. क्षार भरपूर, काही विहिरींत नायट्रेटही. पण त्या पाण्यामुळंच माणसं आजारी पडत होती का? ज्या विहिरी जास्त खाऱ्या, तिथं आजारी माणसं थोडी जास्त दिसत होती. पण तीच माणसं उन्हात जास्त राबणारी होती, गोळ्या जास्त खाणारी होती, कुणाला साखरेचा आजार होता. सगळं वजा करून जे उरलं ते, 'सिद्ध' म्हणायला आमच्या शास्त्रात ठरलेल्या रेघेच्या जवळ येत होतं, ओलांडत नव्हतं. मी हिशेब वेगवेगळ्या तऱ्हांनी करून पाहिला. ओलांडत नव्हतं.

बैठक सरांच्या घरी झाली. उन्हाळा होता, कूलरच्या आवाजात आम्ही मोठ्यानं बोलत होतो. प्रश्न असा होता की गावांना काही सांगायचं का.

मी म्हटलं, ही रेघ आकाशातून पडलेली नाही. चुका दोन प्रकारच्या असतात. चांगल्या पाण्याला वाईट म्हणणं ही एक, वाईट पाण्याला सोडून देणं ही दुसरी. आपण रेघ इतकी उंच आखली आहे की पहिली चूक होऊ नये. त्यानं दुसरी चूक वाढते. आणि ती चूक झाली तर किंमत आपण मोजणार नाही, विहिरीवरचे लोक मोजतील. मग रेघ कुठं आखायची हे नुसतं गणित कसं?

सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांच्या तरुणपणची एक गोष्ट सांगितली. एका गावात कुणीतरी घाईनं सांगितलं की अमुक विहीर खराब आहे. लोकांनी ती बुजवली. ती गावाबाहेरच्या वस्तीची एकुलती एक विहीर होती. वस्तीतल्या बायांना मग गावातल्या विहिरीवर जाऊन, कुणी वरून ओतेल का याची वाट बघत उभं राहावं लागलं. पुढं कळलं की तपासणीची बाटलीच नीट धुतलेली नव्हती. सर म्हणाले, "मी त्या बायांना उभं राहिलेलं पाहिलंय. तेव्हापासून जे सिद्ध नाही ते मी बोलत नाही."

खरं होतं ते. त्यांनीही रेघ अशी आकाशातून घेतली नव्हती, त्या बायांकडं बघून आखली होती.

मग आम्ही दोघं तिच्याकडं बघायला लागलो. ती म्हणाली की सर म्हणतात तेच बरोबर. सिद्ध झालेलं नाही. अजून एक वर्ष नमुने घेऊ, मग बघू. तिनं ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला राग आला. रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, तुझा भाऊ त्या गावात राहतो, तुला काहीच कसं वाटत नाही? ती चालता चालता थांबली. "वाटते म्हणूनच मला मत द्यायचा हक्क नाही ना," असं म्हणाली. मग आम्ही दोघी ऑटोची वाट बघत उभ्या राहिलो.

पुढं काही दिवसांनी भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्याजवळच होते. पाण्याचं काय निघालं, असं त्यानं विचारलं होतं. तिनं त्याला सांगितलं की भाई, अजून काही सिद्ध झालं नाही. मग भाभीची चौकशी केली, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, आणि फोन ठेवला. त्या वाक्यात मला काही खटकलं नाही. आमच्या बैठकीत आम्ही तेच बोललो होतो.

पावसाळा गेला, त्याची तब्येत उतरत गेली. डायलिसिस सुरू झालं. तो आणि भाभी गावाहून एसटीनं अकोल्याला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मशीनवर बसवेना म्हणून त्यानं गणवेशांचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. ती दर रविवारी अमरावतीहून जायची. एका रविवारी मीही तिच्यासोबत गेले.

तो पलंगावर बसला होता. हात बारीक झाले होते, चेहरा मात्र सुजलेला. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. शेजारी राहणारे एक म्हातारे काका तब्येत बघायला आले होते, तेही तिथंच खुर्चीवर होते. त्याची मुलगी, तेव्हा दहावीत असेल, आमच्यासाठी तांब्या-पेले घेऊन आली.

म्हातारे काका मला म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा याले. म्या किती खेप म्हणलो, कॅनचं पाणी घेत जा. गावात गाडी येते. आमी तेच पेतो. हा आयकतच नाई."

तो हसला. दम लागत होता तरी त्याला ते सांगायचंच होतं. "काहून घेऊ? माही बहीण पाणी तपासते. साऱ्या तालुक्याचं पाणी तिच्याकडं जाते. म्या इचारलं तिले. काई नाई निंघालं म्हणे. खराब असतं तं पयले मले सांगतलं असतं ना तिनं. सख्ख्या भावाले सांगणार नाई का?"

त्यानं हे अभिमानानं सांगितलं. तिच्याकडं बघत, काकांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं.

तिच्या हातात पेला होता. तिनं ते पाणी पिऊन टाकलं, तळापर्यंत, आणि पेला मुलीच्या हातात दिला. मग उठून आत भाभीकडं गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती भावाच्या पायाशी बसली आणि त्याला त्यांच्या घरच्या बोलीत समजावून सांगायला लागली. नाही निघालं असं मी म्हटलं नव्हतं भाई, सिद्ध झालं नाही असं म्हटलं होतं. ते वेगळं असतं. उद्यापासून तू कॅनचंच पाणी पी. पोरीलाही तेच दे.

त्यानं मान हलवली. तिची समजूत घालावी तसा तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला फरक कळला होता की नाही, मला सांगता येत नाही. मला वाटतं त्याला एवढंच कळलं की बहीण घाबरली आहे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. अकोटच्या स्टॅंडवर गाडी थांबली, फुटाणेवाले चढले-उतरले, तेव्हा ती म्हणाली, "मी त्याला खरं तेच सांगितलं होतं."

मी हो म्हटलं.

"आणि त्यानं ते खरं मानून पाणी पिलं."

दिवाळीच्या सुट्या संपायच्या आत तो गेला. अकोल्याच्या दवाखान्यातून त्याला गावी नेलं. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. त्यानं शिवलेले कपडे अंगावर असलेली किती माणसं त्या गर्दीत असतील, असं माझ्या मनात आलं. पुरुष मय्यत घेऊन गेले. बायकांच्या खोलीत ती भाभीच्या शेजारी बसली होती. भाभीनं तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

चाळिसावा झाल्यावर ती कॉलेजात परत आली. वर्गावर जायची, शिकवायची, माझ्याकडं यायची नाही. मग एक दिवस आली ती अहवालाचा मसुदा घेऊन. तो सरांनी तोवरच्याच आकड्यांवर तयार केलेला होता. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, की या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे. त्याच्या खाली तिनं स्वतःच्या अक्षरात आणखी तीन वाक्यं लिहिली होती. हे पाणी अपायकारक आहे असं सिद्ध झालेलं नाही. हे पाणी निर्धोक आहे असंही सिद्ध झालेलं नाही. तोवर गावांना पिण्यासाठी दुसरं पाणी मिळालं पाहिजे.

सरांकडं आम्ही दोघी गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पहिली दोन वाक्यं त्यांना मान्य होती. तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे शास्त्राचं वाक्य नाही. हा सल्ला झाला. बेटा, यात तुझं दुःख बोलतंय."

ती म्हणाली, "हो सर. दुःखच बोलतंय. पण आधी आपण गप्प बसलो तेव्हा तरी काय होतं? आपण म्हणालो, काही बोलायचं नाही. गावात ते 'पाणी चांगलं आहे' असं ऐकू गेलं. आपण सल्ला दिलाच होता सर. फक्त लिहिला नव्हता."

सरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. शेवटी ते म्हणाले की मला हे जमणार नाही. आवाज कठोर नव्हता. थकलेला होता. मला त्या क्षणी त्यांचाही राग करता आला नाही. ज्या बायांना त्यांनी उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्या अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हलल्या नव्हत्या, आणि हिच्या डोळ्यांपुढून भाऊ हलत नव्हता. दोघांनीही खोटा आकडा आयुष्यात लिहिला नसेल.

तिनं अहवालावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. मी माझं ठेवलं. आकडे कुठंतरी छापून राहावेत, पुढं कुणी आणखी नमुने घेतले तर त्याला जोडता यावेत, असं मला वाटलं. यावरून आमच्यात थोडं बोलणं झालं, भांडण झालं नाही. ती म्हणाली, तुझं बरोबर आहे, फक्त मला ते बघवणार नाही.

मग ती गावात सभा घ्यायला निघाली. मी सोबत गेले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. सरपंचबाई होत्या, मशिदीतले दोन-चार बुजुर्ग होते, बाया होत्या. ती उभी राहिली आणि वऱ्हाडीतच बोलली, जशी कॉलेजात कधी बोलत नसे. पाणी वाईट हाये असं मी म्हणत नाई, म्हणाली, चांगलं हाये असंबी म्हणत नाई. आमाले माहीत नाई. पण माहीत नाई तं कशाले प्यायचं?

एक बाई मागून उठली. तिच्या शेजारी तिची लग्नाची मुलगी बसली होती. ती बाई म्हणाली, "तुमी सांगून जासान अमरावतीले. उद्या पेपरात नाव आलं, किडनीचं गाव म्हून, तं आमच्या पोरी कोण करन?"

माझ्या मैत्रिणीनं मान खाली घातली. मग पुढं बसलेला एक माणूस उठला. तो काही वाईट माणूस नव्हता, दफनाच्या दिवशी सगळ्यात जास्त तोच राबला होता. तो म्हणाला, "तुमच्या घरात मयत झाली म्हून तुमी असं बोलून राहिल्या. आमाले समजते."

अमरावतीला सर जे म्हणाले होते, तेच.

भाभी सभेला आली होती. अगदी मागं, खांबाशी. सभा अर्ध्यावर असताना ती उठून गेली. संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा ती चुलीपुढं बसून भाकरी करत होती. तिनं आमच्या दोघींची ताटं वाढली. जेवण झालं, हात धुतले, आणि तेव्हा कुठं भाभी नणंदेला म्हणाली, "तब क्यूँ नहीं बोली?"

बस, एवढंच. आवाज चढवला नाही. उत्तराची वाट न बघता ताटं उचलून आत गेली.

आता त्या गावात काही घरं कॅनचं पाणी घेतात, काही विहिरीचं पितात, नळ आला की नळाचं. सभेमुळं किती घरं बदलली, मी मोजलं नाही. मला मोजता आलं असतं. गावाचं नाव पेपरात आलं नाही. अहवाल एका छोट्या नियतकालिकात छापून आला, त्यात ते नेहमीचं शेवटचं वाक्य आहे. सर आता घराबाहेर फारसे पडत नाहीत. मागं मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिचीच चौकशी केली, आणि ती येते का कधी अमरावतीला, असं दोनदा विचारलं.

ती येत नाही. तिनं अकोल्याला एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. भावाची मुलगी शिकायला तिच्याजवळ राहते. भाभीनंच पाठवली, पण ती स्वतः या घरी आलेली नाही. हिनं मुलीला शनिवारी बसमध्ये बसवून दिलं की भाभी तिला तेल्हाऱ्याच्या स्टॅंडवर उतरवून घेते, आणि रविवारी तसंच उलट. दोघी नणंद-भावजया त्या पोरीच्या हातून एकमेकींना पापड, लोणचं, औषधं पाठवतात. बोलत नाहीत.

या मे महिन्यात मी अकोल्याला गेले होते. दुपारी ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही. तिनं खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं. पोरीला बीएस्सी करायचं आहे, विषय अजून ठरलेला नाही, आत्या काही सुचवत नाही. पोरीचं रक्त ती वेळोवेळी तपासून घेते. सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे रेघेच्या अलीकडं, असं ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही.

मग ती बोलली. तिच्याकडून इतकं लांब बोलणं मी त्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं. म्हणाली, कुणी मला पक्कं सांगितलं असतं की भाई त्या पाण्यानंच गेला, तर मी छाती पिटून रडले असते आणि संपलं असतं. कुणी सांगितलं असतं की पाण्याचा काही संबंध नव्हता, त्याचं लिहिलेलंच तेवढं होतं, तरी मी जगले असते. मला दोन्हींतलं काहीच मिळणार नाही. मी पापी आहे हेसुद्धा सिद्ध होत नाही. एका माणसावर हिशेब होत नाही ना गं? तूच शिकवतेस.

मी म्हटलं, नाही होत.

"तेच," ती म्हणाली.

मी तिला सांगू शकले असते की तू चुकली नाहीस. मला खरंच तसं वाटतं. पण ते माझं मत आहे, आणि ती माझी मैत्रीण आहे, म्हणून ते मत आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी तिचा हात धरून बसले. पडद्यांवर तिनं पाणी मारलं होतं, त्याचा ओला वास खोलीभर होता.

पोरगी क्लासहून आली. तिला भूक लागली होती. आत्यानं उठून खिचडी टाकली, मी कांदे चिरून दिले. पोरीनं जेवता जेवता एका मैत्रिणीची काहीतरी गंमत सांगितली आणि आम्ही तिघी हसलो, चांगल्या मोकळ्या हसलो. ऊन उतरल्यावर ती मला स्टॅंडवर सोडायला आली. गाडी भरलेली होती, मला मागं जागा मिळाली. ती खिडकीखाली उभी राहून सांगत होती की पुढच्या खेपेला थंडीत ये, अशा उन्हात येऊ नको. मी येईन म्हटलं. गाडी हलली तरी ती गजाला धरून थोडी चालत आली, मग हात सोडला.